सायकॉलॉजी करून फॅक्टरीत? बीए ते एचआर, माझा अनुभव

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, कधी मावसबहिणीची मुलगी, कधी कंपनीच्या कॅन्टीनवाल्या काकांची पुतणी, आणि प्रश्न ठरलेला, "ताई मला मॅनेजमेंटमध्ये जायचंय, एचआर वगैरे, तर बीबीए करू का सायकॉलॉजी घेऊन बीए करू, घरचे म्हणतात आर्ट्सला काय भविष्य." मी दहा मिनिटं बोलते आणि शेवटी "बघ बाई, तुला आवडेल ते कर" असं काहीतरी गुळमुळीत बोलून फोन ठेवते, जे मला स्वतःलाच पटत नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. लांब आहे, चहा घेऊन बसा.

उत्तर आधीच सांगून टाकते म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. ही डिग्री कंपनीत शिरल्यावर फार कामाला येते, पण शिरायचं दार ती उघडून देत नाही, दाराची सोय वेगळी करावी लागते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यात माझं जवळजवळ दीड वर्ष गेलं.

मी कराडकडची. वडील साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसला होते, म्हणजे हजेरी, मस्टर, रजा, ओव्हरटाइम हे शब्द मी पाढ्यांच्या आधी ऐकलेत. बारावी सायन्सला जेमतेम मार्क पडले, मग पुण्यात येऊन आर्ट्सला ॲडमिशन घेतली आणि सायकॉलॉजी घेतलं, खरं सांगायचं तर मैत्रिणीने घेतलं म्हणून घेतलं. आत्या म्हणाली वेड्यांची डॉक्टर होणार का तू. आजही म्हणते.

तीन वर्षं काय शिकलो तर पहिल्या वर्षी सगळं थोडं थोडं, आठवण कशी चालते, शिकणं म्हणजे काय, व्यक्तिमत्त्व वगैरे, मग सोशल सायकॉलॉजी, मग तिसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकल आणि स्टॅटिस्टिक्स. प्रॅक्टिकलला ती बाणांची रेघ असते ना, मुलर-लायर, दोन्ही रेघा सारख्याच पण एक मोठी वाटते, ती बारा-पंधरा वेळा मोजायची आणि सरासरी काढून जर्नलमध्ये लिहायची. कंटाळवाणं वाटायचं. स्टॅटिस्टिक्सला तर वर्ग अर्धा रिकामा असायचा, कारण निम्म्या मुली गणितापासून पळून आर्ट्सला आलेल्या आणि गणित इथेही पुढ्यात येऊन बसलेलं. पण आज मागे वळून बघताना पोटापाण्याला नेमके हेच दोन विषय आले, फ्रॉइड नाही. एकच गोष्ट परत परत मोजायची, आपला अंदाज आणि मोजमाप यात फरक का पडला ते लिहायचं, ही सवय लागली की ऑफिसात "मला वाटतं" म्हणणाऱ्या माणसासमोर बसणं सोपं जातं.

आता सगळ्यात कॉमन गैरसमज. फोन करणाऱ्या दहातल्या आठ जणी म्हणतात, मला लोकांशी बोलायला आवडतं म्हणून एचआर. बाई गं, लोकांशी बोलायला आवडत असेल तर सेल्सला जा, पैसे जास्त आहेत. एचआरमध्ये पहिली चार-पाच वर्षं तुम्ही एक्सेल शीटशी बोलता, पेरोलवाल्याशी भांडता, ऑफर लेटरच्या पीडीएफ करता आणि जॉइन होणार म्हणून सांगितलेला माणूस फोन उचलत नाही म्हणून कपाळाला हात लावता.

बीएनंतर काय, हा खरा फाटा. आमच्यात मुख्य तीन रस्ते होते. एक म्हणजे सायकॉलॉजीतच एमए, पण इंडस्ट्रियल स्पेशलायझेशन घेऊन, म्हणजे कामाच्या ठिकाणी माणसं कशी वागतात त्याचं, काही ठिकाणी त्याला ऑर्गनायझेशनल म्हणतात. पुणे विद्यापीठात सायकॉलॉजीचा विभाग आहे, मुंबई विद्यापीठाचा कलिनाला अप्लाइड सायकॉलॉजीचा आहे, आणि ज्यांना नोकरी सोडणं शक्य नाही त्यांना इग्नूचं दूरशिक्षणातलं एमए होतं, त्यात दुसऱ्या वर्षाला क्लिनिकल, काउन्सेलिंग आणि इंडस्ट्रियल असे तीन गट असायचे आणि कुठल्याही शाखेचा ग्रॅज्युएट चालायचा, पण २०२५ पासून दूरशिक्षणातून सायकॉलॉजीला नवे प्रवेश बंद झालेत. त्याआधी प्रवेश घेतलेले आमच्या प्लॅन्टमधले दोन मेकॅनिकल इंजिनीअर इग्नूतून करतायत, एक जण तर प्रॉडक्शनला आहे आणि रात्रपाळीला असाइनमेंट लिहितो. दुसरा रस्ता एमबीए, एचआर घेऊन. तिसरा लेबरचा, म्हणजे एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) किंवा लेबर स्टडीज, त्याच्यासाठी मुंबईत परळला सरकारी श्रम विज्ञान संस्था आहे, आता तिला नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव दिलंय. लोखंडे कोण हे एचआरला जाणाऱ्या मराठी पोरांना माहीत नसतं याचं मला फार वाईट वाटतं, १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती त्यांच्या चळवळीमुळे. असो, विषय भरकटतोय.

मी पहिला रस्ता घेतला. एमएला गेल्यावर जवळजवळ सगळे क्लिनिकलला वळले, कारण सायकॉलॉजी म्हणजे तेच असं डोक्यात असतं. क्लिनिकलवाल्यांना पुढे आरसीआयची, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी, त्यासाठी वेगळं ट्रेनिंग, त्याच्या मोजक्या सीट, असा लांबचा रस्ता आहे. इंडस्ट्रियलला आपल्याकडे असं कुठलं लायसन्सच नाही. हे ऐकून बरं वाटतं पण त्याची दुसरी बाजू अशी की शनिवार-रविवारचा कोर्स केलेला माणूसही स्वतःला बिहेवियरल ट्रेनर म्हणवतो आणि कंपनीवाल्यांना तुमच्यात आणि त्याच्यात फरक कळत नाही, उलट त्याचा सूट भारी असतो.

एमए झालं, फर्स्ट क्लास मिळाला आणि मी इंटरव्ह्यू द्यायला लागले. पहिला इंटरव्ह्यू भोसरीतल्या एका कंपनीत, समोर पन्नाशीचे साहेब, पर्सोनेल डिपार्टमेंटच्या जमान्यातले. मी मॅस्लो, हर्झबर्ग, मॅक्लेलँड, म्हणजे माणूस काम का करतो याच्या सगळ्या थिअऱ्या पाठ करून गेलेले. त्यांनी विचारलं, बाळा, ग्रॅच्युइटी कशी काढतात? मी गप्प. बरं, पीएफ किती टक्के कापतात? मी म्हटलं दहा. बरं, ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची लिमिट? गप्प. ते हसले नाहीत, उलट चहा मागवला आणि म्हणाले की वडील काय करतात. मी सांगितलं कारखान्यात टाइम ऑफिसला. तर म्हणाले, मग घरी विचारलं असतंस तरी सगळं कळलं असतं की! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण ते खरं होतं.

तर ही बघा यादी, जी सायकॉलॉजीच्या कुठल्याच पेपरला नव्हती. पीएफ बारा टक्के कामगाराचे आणि बारा मालकाचे. ईएसआयची पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटचा पगार भागिले सव्वीस गुणिले पंधरा गुणिले जितकी वर्षं झाली तितकी, आणि साधारण नियम पाच वर्षांचा. दहा किंवा जास्त माणसं असतील तर २०१३ च्या कायद्याने लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच. आणि सध्या सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुने एकोणतीस कायदे जाऊन चार लेबर कोड आलेत, ते २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले, म्हणजे आत्ता कॉलेजात जुन्या पुस्तकावरून शिकवत असतील तर नवं स्वतः वाचा. उदाहरणार्थ वेल्फेअर ऑफिसर. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये पाचशे कामगार असले की नेमावा लागायचा, नव्या कोडमध्ये तो आकडा अडीचशेवर आलाय, म्हणजे जागा वाढायला पाहिजेत. पण इथेच मेख आहे. त्या पदासाठी नियमात कामगार कल्याण, समाजकार्य अशा विषयांतली मान्य पदवी किंवा पदविका मागतात, नुसत्या सायकॉलॉजीच्या एमएवर भागत नाही. माझ्या बॅचच्या एकीला हे कॅम्पसवर नाही, थेट ऑफर हातात आल्यावर कळलं आणि ऑफर गेली. तिने मग नोकरी करत लेबर वेल्फेअरचा डिप्लोमा केला आणि आज ती माझ्यापेक्षा वर आहे. ज्यांना फॅक्टरीतच जायचंय त्यांनी तो डिप्लोमा एमएच्या जोडीलाच उरकावा असं माझं स्पष्ट मत.

एमबीएचं म्हणाल तर भांडण नाही, दार तिथूनच सरळ उघडतं. जाहिरातीतच लिहिलेलं असतं, एमबीए एचआर ओन्ली, आणि बायोडेटा चाळणारा तुमचं एमए बघतही नाही. मोठी नावं म्हणजे जमशेदपूरचं एक्सएलआरआय, तिथे झॅट ही प्रवेश परीक्षा, आणि आपलं देवनारचं टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. टिसमध्ये सायकॉलॉजीवाल्यांचा चांगला निभाव लागतो. पूर्वी त्यांची स्वतःची परीक्षा असायची, मधल्या काळात नियम बदलले आणि एचआरच्या कोर्ससाठी कॅटचा स्कोअर मागायला लागले, त्यामुळे दादा-ताईंच्या सांगण्यावर जाऊ नका, त्या वर्षीचं नोटिफिकेशन वाचा. टिसमध्येच ऑर्गनायझेशन डेव्हलपमेंटचाही वेगळा कोर्स आहे, तो पण बघून ठेवा. पण जर पहिल्या वीसातलं कॉलेज मिळत नसेल आणि गल्लीतल्या मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटला चार-सहा लाख भरायची वेळ येत असेल तर मी म्हणेन थांबा. तेवढ्या पैशात सरकारी विद्यापीठातून एमए, वर लेबर लॉचा डिप्लोमा, वर एक्सेलचा नीट क्लास, एवढं होऊन पैसे उरतात. माझ्या एमएची दोन वर्षांची फी आमच्या शेजारच्या पोराच्या एमबीएच्या एका टर्मच्या हॉस्टेल बिलापेक्षा कमी होती.

मला शेवटी नोकरी लागली ती चाकणला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत, पण थेट नाही, एजन्सीच्या पेरोलवर, हातात सोळा हजार. काम काय तर ट्रेनी आणि कंत्राटी ऑपरेटर भरणं. इथे जो किस्सा घडला तो मी प्रत्येक इंटरव्ह्यूला सांगत आलेय, तो नीट सांगते कारण डिग्रीचा उपयोग कुठे होतो हे त्याच्यातनंच कळेल.

आमच्याकडे पोरं टिकत नव्हती. बीड, लातूर, हिंगोली, नांदेडकडची पोरं यायची, आयटीआय झालेली, महिना-दीड महिना करायची आणि एक दिवस गुरुवारच्या सुट्टीला गेली ती परत यायचीच नाहीत. (चाकण-भोसरी पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, बाहेरच्यांना हे माहीत नसतं.) प्रॉडक्शनवाले म्हणायचे आजकालच्या पोरांत कमिटमेंटच नाही. प्लॅन्ट हेड साहेबांनी ठरवलं मोटिवेशनचं सेशन ठेवू, एक स्पीकर बोलवू, बजेटही पास झालं. मला सांगितलं हॉल बुक कर.

मी आधी सोडून गेलेल्यांचे फॉर्म काढले. कारणाच्या रकान्यात सगळीकडे एकच, वैयक्तिक. आता एमएला आम्ही हेच घोकलेलं की माणूस फॉर्मवर ते लिहितो जे लिहिल्याने त्रास होणार नाही, म्हणून मी तो रकाना बाजूला ठेवला आणि ज्या गोष्टी कुणी खोट्या लिहू शकत नाही तेवढ्याच घेतल्या, जॉइनिंगची तारीख आणि शेवटच्या पंचिंगची तारीख. एक्सेलमध्ये लावलं तर गंमत दिसली. महिन्याच्या सात-आठ तारखेला लागलेली पोरं बऱ्यापैकी टिकत होती, बावीस-तेवीसनंतर लागलेली गळत होती. दोन दिवस डोकं खाजवलं. पोरं तीच, गावं तीच, लाइन तीच, सुपरवायझर तोच. मग लक्षात आलं, आमच्या हजेरीचं चक्र एकवीस ते वीस, आणि पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेला. म्हणजे जो दहा मार्चला लागला त्याला सात एप्रिलला अकरा दिवसांचे का होईना पैसे मिळतात. जो बावीस मार्चला लागला त्याचा पहिला पगार सात मेला, शेहेचाळीस दिवसांनी! तोवर चाकणला कॉट बेसिसवर खोलीचं डिपॉझिट, मेसचा ॲडव्हान्स, गावाकडून आणलेले दोन-तीन हजार तिसऱ्या आठवड्यात संपलेले. आणि दोन चौक सोडून दुसरा ठेकेदार आठवड्याला रोख देतो.

हे मी त्या रविवारी फोनवर वडिलांना सांगितलं, तर ते जराही चकित झाले नाहीत. म्हणाले, अगं बीडची पोरं ना ती, त्यांच्या घरात पैसे आधी येतात आणि काम नंतर, ऊसतोडीला मुकादम उचल देतो मग टोळी निघते, तुम्ही दीड महिना फुकट राबवताय त्यांना. मी नुसतं ऐकत राहिले. मला तारखा दिसल्या होत्या, पण शेहेचाळीस दिवस थांबणं त्या पोरांना घरून बघितलेल्या व्यवहाराच्या किती उलटं वाटत असेल हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं. आता उचल ही काही चांगली गोष्ट नाही, त्यात माणूस वर्षानुवर्षं अडकतो हे मी लहानपणापासून बघितलंय, तिचं कौतुक करत नाहीये. पण दुसऱ्याच्या डोक्यातला हिशोब त्याच्या घरातून येतो आणि तो पुस्तकात सापडत नाही.

मी साहेबांना एक पानाचा चार्ट दाखवला आणि सुचवलं की नव्या पोराला पंधराव्या दिवशी त्याच्या झालेल्या हजेरीतले काही पैसे द्या, पहिल्या पगारातून वळते करा. पेरोलवाले चिडले, सिस्टिममध्ये बसत नाही म्हणाले. तीन महिने भांडून बसवलं. गळती थांबली का, तर सगळी नाही, काही पोरं उन्हाळ्यात लग्नसराईला जातात ती जातातच, पण बावीस तारखेनंतरवाल्यांचा तो खड्डा बुजला. स्पीकरही आला, बजेट पास झालेलं होतं ना. पोरांनी मागच्या रांगेत झोप काढली.

एमबीएवाली मुलगी हे करू शकली नसती का? शकली असती, मी काही मक्ता घेतलेला नाही. पण तीन वर्षं तुम्हाला जर हेच शिकवलं असेल की वागण्याचं कारण माणसाच्या स्वभावात शोधायच्या आधी परिस्थितीत शोधा, कारण आपल्या सगळ्यांचाच ओढा स्वभावाला दोष देण्याकडे असतो, तर "कमिटमेंट नाही" हे वाक्य ऐकल्यावर आपोआप कान टवकारतात. सोशल सायकॉलॉजीच्या पहिल्याच वर्षात ही गोष्ट येते, परीक्षेला पाच मार्काला.

आणि हे काही अमेरिकेतनं आणायला नको. एचआरच्या प्रत्येक पुस्तकात ते शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्याचे प्रयोग येतात, १९२४ पासूनचे, दिव्यांचा उजेड कमी-जास्त केला वगैरे, आणि त्या निष्कर्षांवर पुढे किती टीका झाली ते मात्र येत नाही. अहमदाबादच्या कॅलिको मिलचं नाव एका ओळीत उरकतात. तिथे ऑटोमॅटिक माग आणले तरी उत्पादन वाढेना, तर १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस आले, त्यांनी बघितलं की प्रत्येक कामगाराला कामाचा एकेक तुकडा वाटून दिलाय आणि कुणाचं कुणाशी काय नातं हेच धड नाही. मग कामगारांशी बोलून छोटे गट पाडले, एका गटाकडे ठराविक मागांची पूर्ण जबाबदारी. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. माग तेच होते. तसंच एचआरडी (ह्यूमन रिसोर्स डेव्हलपमेंट) हा शब्द आपल्याकडे रुळला तो १९७५ च्या सुमारास एल अँड टीमध्ये, उदय पारीक आणि टी. व्ही. राव या दोघांनी तिथे वेगळं खातं उभं करायची मांडणी केली तेव्हापासून, आणि हे दोघंही मूळचे सायकॉलॉजीवाले. पुढच्या वेळी कुणी म्हणालं सायकॉलॉजीवाल्यांचं एचआरमध्ये काय काम, तर हे सांगा.

दुसरी जागा जिथे डिग्री कामाला येते ती म्हणजे निवड. प्रत्येक लाइन मॅनेजर म्हणतो मला माणूस बघितला की कळतं. काही कळत नाही. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये कित्येक दशकांचा अभ्यास एकत्र करून दाखवलं होतं की गप्पा मारल्यासारखा इंटरव्ह्यू आणि नंतरचं काम यांचा संबंध ०.३८ (शून्य म्हणजे संबंधच नाही, एक म्हणजे पूर्ण), आणि सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न, तीच मार्क द्यायची पद्धत ठेवली तर ०.५१. पुढे २०२२ मध्ये सॅकेट आणि मंडळींनी आकडेमोड परत तपासली आणि ठरलेल्या प्रश्नांच्या इंटरव्ह्यूचा आकडा ०.४२ वर आणला, तरी तो सगळ्यात वरच राहिला. ०.४२ म्हणजे बेचाळीस टक्के बरोबर असं नव्हे, हे ज्याला कळतं त्याचंच स्टॅटिस्टिक्सचं वर्ष वसूल झालं. मी ऑपरेटरच्या इंटरव्ह्यूला पाच ठरलेले प्रश्न आणि एक मार्कांची शीट केली, सुपरवायझरांनी आधी नाकं मुरडली, आता शीट नसली की मागतात.

टेस्टचं मात्र जपून. कंपन्यांना व्यक्तिमत्त्वाच्या टेस्ट फार आवडतात, चार अक्षरांची ती एमबीटीआय तर व्हॉट्सॲपच्या डीपीखाली लावतात लोक, पण कुणाला घ्यायचं हे ठरवायला ती बनलेलीच नाही. आणि भाषा! आमच्याकडे हेड ऑफिसातून एक प्रश्नावली आली, इंग्रजीतून मराठीत कुणीतरी मशीनने केलेली. त्यात एक वाक्य, "मी पार्टीचा जीव आहे." मूळ म्हणायचं होतं की चार लोकांत मी रंगत आणतो. ऑपरेटर पोरगं उठून विचारतं, मॅडम कुठल्या पार्टीचा? निवडणुकीचे दिवस होते, पोरगं घाबरलं की कंपनी मतदान विचारतीये. अशा टेस्टवर कुणाचा ट्रेनी परमनंट होणार का नाही ठरणार होतं. मी ती थांबवली, मराठीत परत लिहून घेतली, मग मूळ इंग्रजी न बघितलेल्या माणसाकडून ती उलट इंग्रजीत करवून घेतली आणि जुळतं का बघितलं. ही पद्धत एमएला शिकवतात. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची मानसशास्त्र संस्था चाचण्यांचं काम कित्येक वर्षं करतीये, प्रबोधिनीचे संस्थापक आप्पा पेंडशे स्वतः मानसशास्त्रातले पीएचडी होते, त्यामुळे मराठीत हे होत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आता न आवडणारा भाग. सायकॉलॉजी केलंय कळलं की लोक तुमच्याकडे मन मोकळं करायला येतात. एक सुपरवायझर माझ्याकडे संध्याकाळी येऊन बसायचे, घरचं, दारूचं, कर्जाचं सांगायचे. एके दिवशी साहेबांनी सहज विचारलं, अमुकचं काय चाललंय, लाइनवर चुका वाढल्यात. माझी जीभ उचलेना. मी काउन्सेलर आहे का कंपनीची माणूस? दोन्ही एकदम होता येत नाही. तेव्हा मी साहेबांना म्हटलं त्यांच्याशीच बोला, आणि दुसऱ्या दिवशी त्या सुपरवायझरांना सांगितलं की काका, मी एचआरची आहे, माझ्याजवळ बोललेलं उद्या मला लपवता येईलच असं नाही, बाहेरचा चांगला माणूस सुचवते. ते दुखावले. बरेच दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. आता मी कुणी खुर्चीत बसलं की आधीच सांगते. ज्यांना खरंच लोकांचं ऐकून घेण्यात समाधान आहे त्यांनी क्लिनिकल नाहीतर काउन्सेलिंगला जावं, एचआरमध्ये घुसमट होईल. इथे कधीतरी तुम्हालाच पत्र टाइप करावं लागतं ज्यात समोरच्याची नोकरी जाते, आणि ते पत्र शनिवारी द्यायचं का सोमवारी यावर मीटिंग होते.

शिकताना सोबत काय करावं ते पटपट सांगते. एक्सेलमध्ये पिव्हट आणि लुकअप आलेच पाहिजेत, डोळे मिटून. कॉलेजात एसपीएसएस हे स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर शिकवतात पण कंपनीत ते कुणी विकत घेत नाही, त्याऐवजी जमोव्ही किंवा जॅस्प फुकट मिळतं, त्यावर हात बसवा. उन्हाळ्यात एक महिना कुठल्याही कारखान्याच्या टाइम ऑफिसात बसा, बिनपगारी बसावं लागलं तरी बसा, हजेरी कशी लागते आणि पगार कसा तयार होतो हे बघा. प्रोजेक्टला कॉलेजातल्याच शंभर पोरींना प्रश्नावली वाटू नका, सगळ्या जगाने तेच केलंय, त्याऐवजी एसटी डेपो, हॉस्पिटलचा नर्सिंग स्टाफ, बाजार समितीचे हमाल, जिथे खरी माणसं खरं काम करतात तिथे जा. माझ्या एमएच्या डेझर्टेशनबद्दल आजपर्यंत एकाही इंटरव्ह्यूला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं नाही तेच बरं, विषय होता कॉलेज विद्यार्थिनींचा आत्मसन्मान.

पैशाचं पण बोलू. सुरुवातीला एमबीएवाल्यापेक्षा कमीच मिळतात, हे मनाला लावून घ्यायचं नाही म्हणून सांगणं सोपं आहे, मला लागायचं. माझ्या शेजारच्या डेस्कवरच्या मुलाला त्याच कामाचे दीडपट मिळायचे. तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतर फरक मिटायला लागतो कारण तेव्हा तुम्ही काय सोडवलंत हे विचारतात. माझा मिटायला पाच वर्षं लागली, त्यात दोन वेळा कंपनी बदलली.

शेवटी ज्यांचं ठरलंय आणि फॉर्म भरायला निघालेत त्यांच्यासाठी एकच. माहितीपत्रकात इंडस्ट्रियल स्पेशलायझेशन आहे असं छापलेलं असतं, पण पुरेशी मुलं नसली की त्या वर्षी तो गट सुरूच करत नाहीत आणि तुम्हाला गुपचूप क्लिनिकल किंवा काउन्सेलिंगमध्ये बसवतात. ऑफिसच्या खिडकीवर विचारून उपयोग नाही, खिडकीवरचे काका हो म्हणतात. विभागात जाऊन सेकंड इयरच्या मुलांना गाठा आणि विचारा की यंदा इंडस्ट्रियलला किती जण आहेत आणि शिकवायला कोण आहे. आमच्या वेळी अकरा जणी होतो. अकराच्या खाली गेलो असतो तर आमचा वर्ग उघडलाच नसता, अकरावी जी आली ती दुसऱ्या यादीत, शेवटच्या दिवशी, साताऱ्याची बस चुकवून.